कळशी भरेपर्यंतची मोजणी: जुने संगणक जॉयस्टिक कशी वाचत असत

१९९६ च्या दिवाळीत आमच्या घरी पेंटियम प्रोसेसरचा नवा संगणक आला आणि त्याच आठवड्यात माझे विमान सरळ उडेनासे झाले. त्याआधी चार वर्षे आमच्याकडे २८६ प्रोसेसरचा, सुटे भाग आणून जुळवलेला संगणक होता. त्याच्या मल्टी आय-ओ कार्डाला पंधरा पिनांची एक साधी जॉयस्टिक जोडलेली असे, आणि तिच्यावर विमान उडवण्याचा एक खेळ मी इतक्या वेळा खेळलो होतो की धावपट्टीवर उतरताना दांडा नेमका किती मागे घ्यायचा हे हाताला पाठ झाले होते. नवा संगणक आल्यावर मी त्या खेळाची सगळी डिरेक्टरी फ्लॉपींवरून जशीच्या तशी उतरवून घेतली, जॉयस्टिक साउंड कार्डाच्या मागे बसवली आणि खेळ सुरू केला. दांड्याला हात लावलेला नसतानाही विमानाने नाक वर केले, ते उजवीकडे कलले आणि कलतच राहिले.

ज्याने संगणक जुळवून दिला होता त्याने जॉयस्टिक बदलण्याचा सल्ला दिला. पण तीच जॉयस्टिक जुन्या संगणकाला लावली की विमान पुन्हा सरळ उडत होते, त्यामुळे तो सल्ला मला पटला नाही. मी तेव्हा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. ५५५ टायमरचे, म्हणजे ठरावीक काळ मोजून देणाऱ्या एका साध्या चिपचे, प्रयोग जर्नलमध्ये लिहून, सही घेऊन झाले होते, तरीही त्याच टायमरचे भावंड माझ्या जॉयस्टिकच्या दुसऱ्या टोकाला बसलेले आहे आणि सगळी गोम तिथेच आहे, हे ध्यानात यायला मला बरेच महिने लागले. ते कळल्यावर मात्र या विषयाने मला जी ओढ लावली ती आजही कमी झालेली नाही. जुन्या संगणकांच्या मंडलांमध्ये, म्हणजे सर्किटांमध्ये, इतकी काटकसरीची, इतकी देखणी आणि पुढे इतकी त्रासदायक ठरलेली दुसरी युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

अशी जॉयस्टिक खालचे चार स्क्रू काढून उघडली की आत फारसे काही दिसत नाही. दांडा एका चौकटीत दोन दिशांना झुलतो आणि त्याच्या दोन बाजूंना, एकमेकांशी काटकोनात, दोन पोटेन्शिओमीटर बसवलेले असतात. रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणामागे असतो तोच हा भाग. कार्बनची एक अर्धवर्तुळाकार पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा एक संपर्क, एवढीच त्याची रचना. दांडा डावीकडे नेला की एका पोटेन्शिओमीटरचा रोध शून्याजवळ येतो आणि उजवीकडे नेला की तो १०० किलोओहमपर्यंत वाढतो. दुसरा पोटेन्शिओमीटर पुढे-मागे होणाऱ्या हालचालीचे तेच काम करतो. म्हणजे हाताच्या हालचालीचे रोधात रूपांतर झाले. आता प्रश्न असा की ज्या यंत्राला शून्य आणि एक यांपलीकडे काही कळत नाही, त्याने ४७ किलोओहम आणि ५२ किलोओहम यांतला फरक ओळखायचा कसा?

यासाठी अ‍ॅनालॉग व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या चिप सत्तरच्या दशकातही मिळत होत्या, पण घरगुती संगणकाच्या किमतीत त्या बसवणे परवडणारे नव्हते. म्हणून अभियंत्यांनी वेगळी वाट धरली. रोध मोजता येत नसेल तर वेळ मोजू. वेळ मोजणे तर संगणकाला जमतेच. एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, घ्यायचा, तो पूर्ण रिकामा करायचा आणि जॉयस्टिकच्या रोधातून तो भरायला सोडायचा. रोध कमी असेल तर तो लवकर भरेल, जास्त असेल तर सावकाश भरेल. नळाखाली कळशी ठेवून ती भरेपर्यंत एक, दोन, तीन असे मोजत राहावे आणि त्या मोजणीवरून नळ किती सोडलेला आहे याचा अंदाज बांधावा, तसाच हा प्रकार आहे. कळशी ठरलेल्या खुणेपर्यंत भरली की नाही, एवढाच प्रश्न संगणक पुन:पुन्हा विचारतो. त्याचे उत्तर हो किंवा नाही असेच असते, आणि तेवढ्यासाठी एक बिट पुरते.

या युक्तीचे सर्वांत नितळ रूप १९७७ च्या अ‍ॅपल टू मध्ये पाहायला मिळते. तो घडवणारे स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी त्याआधी अटारीच्या ब्रेकआउट या खेळाच्या मंडलावर काम केले होते, आणि तोच खेळ आपल्या संगणकावर बेसिक भाषेत लिहिता यावा ही इच्छा अ‍ॅपल टूच्या रचनेमागे होती, असे त्यांनीच सांगितलेले आहे. ब्रेकआउटला फळी सरकवण्यासाठी फिरवायची मूठ लागते. त्यामुळे सुरुवातीच्या अ‍ॅपल टू बरोबर अशा दोन मुठी, म्हणजे पॅडल, मिळत असत. त्या जोडायच्या तर संगणकाचे झाकण उचलून मदरबोर्डावरच्या सोळा पिनांच्या, चिप बसवतात तशा सॉकेटमध्ये त्यांचा प्लग दाबावा लागे, आणि त्या नाजूक पिना हमखास वाकत. तिथून तारा ५५८ या चिपकडे जातात. या एका चिपमध्ये ५५५ च्या कुळातले चार टायमर असतात, म्हणून चार पॅडल किंवा दोन जॉयस्टिक जोडता येतात. पॅडलचा रोध १५० किलोओहम आणि प्रत्येक टायमरचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो. या दोन्हींचा गुणाकार केला तर साधारण तीन मिलिसेकंदांच्या घरातला काळ हाती येतो.

हा काळ मोजणारा प्रोग्राम अ‍ॅपलच्या रॉममध्ये एफबी१ई या (सोळाच्या पायावर लिहिलेल्या) पत्त्यावर आहे. त्याचे नाव प्रीड असून तो अवघ्या दहा सूचनांचा आहे. पहिली सूचना सी०७० हा पत्ता वाचते. तिथे वाचण्यासारखे काहीच नसते; तो पत्ता नुसता उच्चारला की चारही टायमर सुरू होतात. मग वाय रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधली आकडा ठेवण्याची एक छोटी जागा, शून्य केला जातो, दोन रिकाम्या सूचनांमध्ये थोडा वेळ जाऊ दिला जातो आणि फेरी सुरू होते. सी०६४ पासूनच्या चार पत्त्यांपैकी हव्या त्या पॅडलचा पत्ता वाचायचा. त्याचा सर्वांत वरचा बिट शून्य झाला असेल तर बाहेर पडायचे, नाही तर वाय एकने वाढवून पुन्हा वाचायचे. मी या फेरीतली आवर्तने, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, कागदावर मोजली आहेत. वाचण्याला चार, न घेतलेल्या उडीला दोन, वाय वाढवण्याला दोन आणि मागे उडी मारण्याला तीन, अशी ती अकरा होतात. अ‍ॅपल टूचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १०.२ लाख आवर्तने करतो, म्हणजे एका फेरीला पावणेअकरा मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. अशा २५५ फेऱ्या पावणेतीन मिलिसेकंदांत होतात, आणि आठ बिटांच्या वाय रजिस्टरमध्ये ० ते २५५ हेच आकडे मावतात. १५० किलोओहम, ०.०२२ मायक्रोफॅरड, अकरा आवर्तने आणि आठ बिट यांचा मेळ असा बसवलेला आहे की प्रोग्राममध्ये कुठेही भागाकार, गुणाकार किंवा तक्ता लागत नाही. मोजणी थांबली की वाय मध्ये जे असेल तेच उत्तर.

शेवटचा बारकावा तर मला फारच आवडतो. वाय २५५ च्या पुढे गेला की तो पुन्हा शून्य होतो. ते लक्षात येताच प्रोग्राम त्यातून एक वजा करतो आणि २५५ हे उत्तर देऊन परत जातो. त्यामुळे पॅडल जोडलेलेच नसेल, म्हणजे कळशी कधी भरणारच नसेल, तरी संगणक तिथे ताटकळत बसत नाही. न जोडलेल्या पॅडलचे उत्तर २५५ येते, ते याच कारणाने.

या काटकसरीची किंमत मात्र प्रोसेसरला मोजावी लागत होती. मोजणी चालू असताना त्याला दुसरे काहीही करता येत नसे, आणि तो किती काळ अडकून राहणार हे पॅडल कुठे आहे यावर अवलंबून असे. मूठ एका टोकाला असेल तर उत्तर लगेच मिळे, दुसऱ्या टोकाला असेल तर पावणेतीन मिलिसेकंद जात. पडद्यावरचे एक चित्र सोळा-सतरा मिलिसेकंदांत बदलते हे लक्षात घेतले तर हा काळ लहान नाही. काळजी न घेता लिहिलेला खेळ मूठ फिरवली की किंचित मंदावत असे. म्हणून चांगले प्रोग्रामर मोजणी लवकर संपली तर उरलेला वेळ मुद्दाम वाया घालवत, जेणेकरून प्रत्येक फेरीला सारखाच वेळ लागावा. दुसरी अडचण दोन पॅडल लागोपाठ वाचताना येई. सी०७० चा उच्चार चारही टायमर एकदम सुरू करतो. पहिल्या पॅडलची मोजणी झटकन संपली आणि लगेच दुसऱ्याची सुरू केली, तर दुसऱ्याची कळशी आधीच्या खेपेची अर्धवट भरलेली असते आणि तिचा टायमर नव्या इशाऱ्याला दाद देत नाही. मग दुसऱ्या पॅडलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा लहान येतो. जॉयस्टिक म्हणजे दोन पॅडलच, त्यामुळे आडवी दिशा वाचल्यावर क्षणभर थांबूनच उभी दिशा वाचावी लागे. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या कितीतरी जणांनी आपल्या जॉयस्टिकला दोष दिला असेल.

अटारीने १९७९ मध्ये ४०० आणि ८०० हे संगणक काढले, तेव्हा ही मोजणी प्रोसेसरच्या गळ्यात न घालता पोकी नावाच्या चिपकडे सोपवली. ती चिप पडद्यावर एक ओळ रेखाटली गेली की एक मोजते आणि २२८ ला थांबते. प्रोसेसरने फक्त तयार आकडा उचलायचा. कमोडोर ६४ मध्ये ते काम आवाजाच्या सिड चिपमध्येच बसवलेले आहे; ती दर ५१२ आवर्तनांत एकदा कपॅसिटर रिकामा करून पुन्हा भरू देते आणि आकडा रजिस्टरमध्ये ठेवते. कमोडोरचा १३५१ हा माउस तर याच तारांवरून आपली जागा कळवतो. सिड चिप कपॅसिटर रिकामा करते ती वेळ तो टिपून ठेवतो आणि नेमक्या हव्या त्या क्षणी ती तार वर खेचतो. चिपला वाटते की मूठ फिरली. तिथे मूठही नसते आणि रोधही नसतो.

आता माझ्या विमानाकडे वळतो. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला, तेव्हा त्यासाठी गेम कंट्रोल अडॅप्टर नावाचे वेगळे कार्डही आणले. त्यावर तीच ५५८ चिप होती, चार टायमर होते आणि मागे पंधरा पिनांची ती जोडणी होती जी पुढे वीस वर्षे टिकली. प्रोग्रामने २०१ हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) या पोर्टवर काहीही लिहिले की चारही टायमर सुटतात आणि तेच पोर्ट वाचले की खालच्या चार बिटांत चार दिशांची, वरच्या चार बिटांत चार बटणांची स्थिती मिळते. एकाच बाइटमध्ये सगळे येत असल्यामुळे चारही कळश्या एकदम मोजता येतात. अ‍ॅपलपेक्षा ही सुधारणा नक्कीच होती. आयबीएमने या काळाचे सूत्रही छापले होते: २४.२ मायक्रोसेकंद, अधिक रोधाच्या प्रत्येक ओहममागे ०.०११ मायक्रोसेकंद. यातला २४.२ हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा तो कुठून आला हे मला कळेना. मग मंडलाच्या आकृतीत प्रत्येक तारेवर जॉयस्टिकच्या आधी बसवलेला २.२ किलोओहमचा रोध दिसला. २२०० गुणिले ०.०११ केले की २४.२ येतात. दांडा पार टोकाला नेऊन जॉयस्टिकचा रोध शून्य केला तरी हा छोटा रोध वाटेत असतोच, आणि कळशी भरायला निदान तेवढा वेळ लागतोच.

१०० किलोओहमला हा काळ ११२४ मायक्रोसेकंद होतो आणि दांडा मध्यभागी असताना सुमारे ५७४. मूळ पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. मोजणीच्या एका फेरीला ४० आवर्तने लागतात असे धरले, तर एक फेरी ८.४ मायक्रोसेकंदांची झाली. त्या हिशेबाने मध्यभागाचा आकडा ६८ आणि उजव्या टोकाचा १३४ येतो. हीच फेरी दीड मायक्रोसेकंदात पूर्ण करणाऱ्या संगणकावर मध्यभागाचाच आकडा ३८० च्या पुढे जातो. कळशी तीच, नळही तसाच सोडलेला. मोजणारा मात्र भराभर मोजतो आहे. जुन्या संगणकावर १३४ म्हणजे उजवे टोक अशी ज्या खेळाची समजूत झालेली आहे, त्याला ३८० हा आकडा मिळाला तर दांडा उजव्या टोकाच्याही पलीकडे ढकललेला आहे असेच त्याला वाटणार. आणि उभ्या दिशेचाही आकडा तसाच फुगलेला असल्यामुळे दांडा पूर्ण मागे ओढलेला आहे असेही वाटणार. नाक वर आणि उजवीकडे कल, हे माझ्या विमानाचे वागणे अशा रीतीने अगदी हिशेबाला धरून होते. खेळाच्या डिरेक्टरीबरोबर मी त्याची जॉयस्टिकच्या जुळणीची, म्हणजे मध्य आणि टोकांचे आकडे नोंदवलेली, फाइलही नव्या संगणकावर आणली होती आणि तिच्यात २८६ वरचे आकडे होते. ती फाइल पुसून नव्याने जुळणी केल्यावर विमान सुधारले. दुसरा एक खेळ मात्र त्याहून जुना होता. त्यात जुळणीची सोयच नव्हती, आणि तो नव्या संगणकावर जॉयस्टिकने कधीच खेळता आला नाही.

मला वाटते, एकच मंडल एका यंत्रात गुण आणि दुसऱ्यात दोष कसे ठरते याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. वॉझ्नियाक यांनी ती अकरा आवर्तने ज्या प्रोसेसरसाठी बसवली, तो किती वेगाने चालणार हे कायमचे ठरलेले होते. मंडल आणि प्रोग्राम एकाच माणसाच्या हातून, एकाच यंत्रासाठी उतरले होते. पुढे अ‍ॅपल टूचा वेग वाढवणारी कार्डे निघाली, तेव्हा ती बनवणाऱ्यांनाही सी०७० ला हात लागताच वेग मूळच्या पातळीवर आणावा लागला. पीसीची गोष्ट मुळातच निराळी होती. त्यात कोणते कार्ड लावायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे होते, आणि नवा, अधिक वेगवान प्रोसेसर येणार हे तर उघडच होते. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीमध्येच ६ मेगाहर्ट्झचा २८६ आला. अशा यंत्रात काळ मोजण्याचे काम प्रोसेसरच्या वेगावर सोडणे ही चूक होती, आणि ती चिपच्या किमतीच्या नावावर खपवता येणार नाही, कारण पीसीच्या मदरबोर्डावर एक पक्के घड्याळ आधीपासून होते. ८२५३ हा टायमर प्रोसेसर कोणताही असो, सेकंदाला ११,९३,१८२ या ठरलेल्या गतीनेच मोजतो. कळशी सुरू होताना त्यातला आकडा टिपला आणि भरल्यावर पुन्हा टिपला, की दोहोंतल्या फरकाला प्रोसेसरच्या वेगाशी काही देणेघेणे राहत नाही. पुढच्या काळातल्या जाणत्या प्रोग्रामरांनी हेच केले.

बाकीच्यांनी खेळणाऱ्याकडूनच काम करून घेतले. दांडा डावीकडे वरच्या कोपऱ्यात नेऊन बटण दाबा, मग उजवीकडे खालच्या कोपऱ्यात नेऊन दाबा, मग मध्यभागी सोडा, हा विधी नव्वदच्या दशकात खेळलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. काही गेम कार्डांच्या मागे तर एक छोटी चकती असे; संगणक वेगवान असेल तर ती फिरवायची, म्हणजे टायमरचा काळ कमी होई. मोजणारा थांबत नाही म्हणून कळशीच लहान करायची, असा तो उपाय होता.

मध्येच येणाऱ्या इंटरप्टचा त्रास निराळाच. पीसीचा टायमर सेकंदाला १८.२ वेळा प्रोसेसरला हातातले काम सोडायला लावतो. नेमकी तेव्हा मोजणी चालू असेल तर प्रोसेसर परत येईपर्यंत कळशी भरत राहते आणि तेवढ्या फेऱ्या मोजायच्या राहून जातात. मग आकडा एकदम खाली घसरतो आणि विमान क्षणभर डावीकडे झटका खाते. त्यावर उपाय म्हणून मोजणीपुरते इंटरप्ट बंद ठेवत. मोडेमवरून कुणाशी खेळत असताना तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवला तर आलेली अक्षरे हरवू शकतात, म्हणून तिथे त्याचीही चोरी.

काळ न मोजता जॉयस्टिक वाचण्याचा मार्गही होता, आणि त्यातला सर्वांत देखणा नमुना टँडीच्या १९८० च्या कलर कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याची जॉयस्टिक पोटेन्शिओमीटरची तिन्ही टोके वापरते. दोन टोकांना व्होल्टेज दिलेले असते आणि मधला संपर्क त्याचा किती वाटा उचलतो तेवढेच पाहायचे असते. त्यामुळे रोध १०० किलोओहम आहे की ९० याला महत्त्व उरत नाही. संगणकात आवाज काढण्यासाठी आणि कॅसेटवर लिहिण्यासाठी सहा बिटांचे एक मंडल होते, जे आकडा दिला की व्होल्टेज देते. त्याच मंडलाने एक व्होल्टेज तयार करायचे आणि जॉयस्टिकच्या व्होल्टेजशी ताडून पाहायचे. किराणा दुकानात तराजूच्या एका पारड्यात गूळ ठेवून दुसऱ्यात आधी मोठे वजन टाकतात, जड झाले तर काढून त्याहून लहान टाकतात, तसेच हे आहे. वजने ३२, १६, ८, ४, २ आणि १. सहा वेळा ताडले की ० ते ६३ मधला आकडा हाती येतो, दांडा कुठेही असला तरी तेवढ्याच वेळात. वेगळी महाग चिप न घेता, आहे त्या सामानात हे साधलेले आहे.

१९८१ च्या बीबीसी मायक्रोने मात्र पैसे खर्च करून एनईसीची ७००२ ही खरीखुरी रूपांतर करणारी चिप बसवली. हा संगणक मला शाळेतच भेटला होता. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये सुरू केलेल्या क्लास या प्रकल्पातून देशभरातल्या शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, त्यांतले दोन आमच्या शाळेत होते. आठवीत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी एका मोडक्या रेडिओतला आवाजाचा पोटेन्शिओमीटर काढून आणला, त्याच्या तीन टोकांना तारा डाखल्या आणि त्या संगणकाच्या मागच्या अ‍ॅनालॉग पोर्टात जोडल्या. मग अ‍ॅडव्हॅल १, म्हणजे त्या पोर्टाची पहिली वाहिनी वाचणाऱ्या आज्ञेचा, आकडा छापत राहणारा दोन ओळींचा बेसिक प्रोग्राम फळ्यावर लिहिला. मी तो टाइप केला आणि पडद्यावरून आकड्यांची रांग वर सरकू लागली. बटण न फिरवताही शेवटचे दोन-तीन अंक सतत थरथरत होते. फिरवायला लागलो तर अर्ध्यापर्यंत आकडा जेमतेम हलला आणि पुढे एकदम हजारोंनी उड्या मारत पासष्ट हजारांपर्यंत गेला. सर म्हणाले, “अरे, रेडिओचं बटण आहे हे. आपला कान असाच ऐकतो, म्हणून ती पट्टी मुद्दाम तशी बनवलेली असते.” जॉयस्टिकच्या पोटेन्शिओमीटरची पट्टी सम असते, हे मला त्या दिवशी कळले. हीच चिप एका रूपांतराला १० मिलिसेकंद घेते आणि चार वाहिन्या आळीपाळीने पाहते, म्हणजे चारही वाहिन्या चालू असतील तर तीच वाहिनी ४० मिलिसेकंदांनी पुन्हा येते, हे मात्र पुष्कळ नंतर वाचले. कळशीच्या मोजणीपेक्षा ही पद्धत अचूक होती, प्रोसेसरला मोकळा ठेवणारी होती, पण चपळ खेळांसाठी तशी संथच होती.

गेल्या महिन्यात माळा आवरताना ती पंधरा पिनांची जॉयस्टिक पुन्हा सापडली. उघडून मल्टिमीटर लावला तेव्हा आडव्या दिशेचा रोध दोन्ही टोकांना व्यवस्थित सरकत होता, पण मध्यभागी आल्यावर काटा थरथरत अचानक वर उडत होता. दांडा बहुतेक वेळ मध्यभागीच असतो आणि सगळ्या बारीक हालचाली तिथेच होतात, त्यामुळे कार्बनची पट्टी नेमकी तिथे झिजते. पोटेन्शिओमीटरच्या फटीतून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडले आणि दांडा पन्नासेक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवला, तेव्हा काटा बराच शांत झाला. जोडायला मात्र घरात एकही संगणक उरलेला नाही. यूएसबी आल्यावर जॉयस्टिकमध्येच रूपांतर करणारा मायक्रोकंट्रोलर बसू लागला, तयार आकडेच तारेवरून येऊ लागले, आणि विंडोज व्हिस्टामध्ये जुन्या गेम पोर्टचा आधार काढून टाकण्यात आला.

म्हणून मी यूएसबीची जॉयस्टिक लावून तोच विमानाचा खेळ डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरू केला. विमान सरळ उडाले. ते कसे, हे पाहण्यासाठी डॉसबॉक्सचा सोर्स उघडला, तेव्हा जॉयस्टिकच्या फाइलमध्ये वरच्या बाजूलाच ओळखीचे दोन आकडे दिसले. नव्या जॉयस्टिकने पाठवलेला आकडा घेऊन डॉसबॉक्स आधी त्याचा रोध बनवतो, मग दर ओहममागे ०.०११ मायक्रोसेकंद या हिशेबाने त्याचा काळ काढतो आणि तेवढा काळ सरेपर्यंत २०१ हेक्स या पोर्टवरचा बिट १ असाच ठेवतो. जुना खेळ नेहमीप्रमाणे एक, दोन, तीन मोजत राहतो. त्या प्रत्येक काळात २४.२ मायक्रोसेकंद वेगळे मिळवलेले आहेत, १९८१ च्या कार्डावरच्या २.२ किलोओहमच्या रोधाचे.